पिंप, पंचनामा आणि पावती

मराठवाड्यातल्या कुठल्याही दैनिकाचं जिल्ह्याचं पान उघडा. आठवड्यातून एकदा तरी ही बातमी सापडतेच. ओढ्याच्या काठच्या हातभट्टीवर छापा, इतके लिटर गूळमिश्रित रसायन जागेवर नष्ट, इतक्या हजारांचा मुद्देमाल, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा. सोबत फोटो असतो. आडवं पाडलेलं निळं पिंप, त्यातून वाहणारं तपकिरी पाणी, मागे चार-पाच पोलीस आणि कडेला पदर तोंडावर घेतलेली एक बाई. गाव आणि तारीख बदलली की पुढची बातमी तयार. (बाहेरच्यांना ‘रसायन’ म्हटलं की आयुर्वेद आठवत असेल, आमच्या कोर्टात सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेला गूळ, आठवतो.)

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. या बातमीचं पुढचं पान माझ्या टेबलावर येतं आणि ते कुणी छापत नाही.

त्या पानावर बहुतेक वेळा असं असतं. छापा पडल्यावर बाटलीभर नमुना काढून लाखेचं सील लावतात, बाकीचं ओतून देतात. नमुना प्रयोगशाळेत जातो. त्याचा अहवाल येईपर्यंत पावसाळा येऊन जातो. खटला उभा राहतो तेव्हा पंच म्हणतो, मला पोलीस ठाण्यात बोलावून सही घेतली, मी जागेवर गेलोच नव्हतो. कधी ते खरं असतं. कधी पंच स्वतःच त्या भट्टीचं गिऱ्हाईक असतो, आणि गावात रोज तोंड दाखवायचं असल्यानं फितूर होतो. अशा वेळी आरोपी सुटतो. पण सुटायलाही वर्षानुवर्षं तारखा कराव्या लागतात. दर तारखेला एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, वकिलाची फी. म्हणून पुष्कळ जण दुसरी वाट धरतात. गुन्हा कबूल करायचा, कोर्ट उठेपर्यंत बसायचं, दंड भरायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं घर गाठायचं.

माझ्याकडे एक मावशी येतात. वय साठीकडे झुकलेलं. तरुणपणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा दारूनंच गेला. गुडघे गेल्यावर मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देणं बंद केलं. एकट्या बाईला कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या जोडीत, कोण घेतो? मग त्यांनी ओढ्याला भट्टी लावली. आतापर्यंत तीन केसेस झाल्या. दंड भरून बाहेर आल्या की त्या मला कधीच ‘शिक्षा झाली’ म्हणत नाहीत. म्हणतात, “वकीलसाहेब, पावती फाडली बगा.”

मला या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. कारण राज्यसुद्धा याच अर्थानं तो दंड घेतं, असं माझं मत होत चाललं आहे.

कायद्याचं नाव बघा: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. आधी मुंबई होतं, आता महाराष्ट्र झालं, ‘दारूबंदी’ तशीच राहिली. हा कायदा राबवणाऱ्या खात्याचं नाव बघा: राज्य उत्पादन शुल्क. नाव बंदीचं आणि काम वसुलीचं. आजही या कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशीचा पाच रुपयांना आणि देशीचा दोन रुपयांना मिळतो. बारमध्ये बसलेल्या शंभरातल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावं. तो नसल्याबद्दल कुणाला तोंड झाकून फोटोत उभं राहावं लागत नाही.

मराठवाड्याला तर हे नातं जुनंच आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि तिथं आबकारी हे दरबाराचं मोठं उत्पन्न होतं. हैदराबाद संस्थानचा आबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात सोवळेपणाचा आव नव्हता. मक्ता घ्या, पैसा भरा, शिंदी विका, दारू गाळा. मक्ता नसताना गाळली तर सरकारचं उत्पन्न बुडवलं म्हणून गुन्हा. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि मग मुंबईचा दारूबंदीचा कायदा आपल्याला लागू झाला. त्याच्या मागे गांधीविचार होता, राज्यघटनेचं ४७ वं कलम होतं, मद्यमुक्त समाजाचं स्वप्न होतं. स्वप्न पुढे विरलं, दुकानांना परवाने मिळू लागले, पण शिक्षेची कलमं त्या स्वप्नाच्या भाषेतच राहिली. गुन्हा निजामाच्या काळचा, म्हणजे महसूल बुडवण्याचा. आणि कलंक मात्र नैतिक अधःपाताचा.

कलम ६५ किती रुंद आहे ते सांगतो. विनापरवाना मद्य आणणं, बनवणं, भट्टी उभारणं, बाटलीत भरणं, विकणं, विकत घेणं आणि बनवण्यासाठी लागणारी भांडी-सामान जवळ ठेवणं, सगळं एकाच कलमाच्या पोटात. शिक्षा काही वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. शिवाय याच कायद्यात असं गृहीतक आहे की भट्टीचं साहित्य तुमच्या ताब्यात सापडलं तर तुम्ही गुन्हा केला असं धरून चालायचं आणि उलट काय ते तुम्ही सांगायचं. वारंवार सापडलात तर कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचा बाँड. त्यापुढे पोलीस कायद्यानुसार तडीपारी. आणि सगळ्यात वर १९८१ चा एमपीडीए. या कायद्याचं मराठी नाव ‘झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती’ असं सुरू होतं. हातभट्टीवाल्याचा नंबर दुसरा. खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. स्थानबद्धतेचे असे आदेश उच्च न्यायालयात आव्हान दिल्यावर पुष्कळदा टिकत नाहीत, कारण ओढ्याकाठच्या भट्टीनं ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ नेमकी कशी ढासळली ते कागदावर दाखवलेलंच नसतं. पण आदेश रद्द होईपर्यंत काही महिने आत गेलेले असतात.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. याच मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून स्पिरिट निघतं. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. २०१६ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के तोडा, हे सांगायला औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. द्राक्षाची वाईन करणाऱ्यांसाठी राज्याचं २००१ पासून खास धोरण आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मान्यता दिली, तेव्हा शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेल असा युक्तिवाद होता. विरोधामुळे तो निर्णय अंमलात आला नाही, पण युक्तिवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. द्राक्ष आंबवलं तर शेतकऱ्याचा माल. गूळ आंबवला तर रसायन. गूळसुद्धा उसाचाच असतो आणि ऊस शेतकऱ्याचाच.

मी मावशींना एकदा सहज म्हणालो, लायसन नाही म्हणून हा गुन्हा आहे. त्या म्हणाल्या, “मग देत कामून न्हाईत? पावतीपरीस सस्त पडंल.” मी हसलो. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गोव्यात काजूची फेणी छोट्या भट्ट्यांवर गाळतात, सरकारला पैसे भरून, उघडपणे. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारशाचं मद्य म्हणून कायद्यात जागा करून दिली. आपल्याकडे किनवट-माहूरच्या जंगलात मोहाची झाडं आहेत, गोंड आणि कोलामांच्या पूजेत आणि लग्नात मोहाचं पाणी लागतं, आणि तिथल्या माणसाला साधं फूल साठवायचं तरी वर्षानुवर्षं धाक होता. फुलांवरचे निर्बंध २०२१ मध्ये सैल झाले. फुलातून जे निघतं त्याच्यावरचे नाहीत.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी हातभट्टीची वकिली करतोय. माझ्याच बाररूममधल्या एक ताई, ज्या पोटगीच्या आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस चालवतात, त्यांना तसंच वाटलं. त्या तावातावानं बोलल्या. “तुमची मावशी तुम्हाला दिसते. तिच्याकडून पिऊन गेलेला माणूस घरी जाऊन काय करतो ते माझ्या टेबलावर येतं.” या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुकान आठला उघडतं आणि रात्री बंद होतं. भट्टी पहाटे पाचलाही उघडी असते आणि उधारीही देते. दुकान नको असेल तर बायका मतदान मागू शकतात, आडवी बाटली करून ते बंद पाडू शकतात. पण ती आडवी-उभी बाटली फक्त परवाना असलेल्या दुकानासाठी. ओढ्याकाठच्या पिंपाला कुठली मतपत्रिका? गावातल्या बायका ठाण्यावर मोर्चा नेतात, दोन दिवस भट्टी थंड राहते, तिसऱ्या दिवशी धूर दिसतो. त्या बायकांचा राग खरा आहे आणि या लेखातल्या माझ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा तो जड आहे.

म्हणूनच विचारतो: शिक्षा वाढवून त्या बायकांना आजवर काय मिळालं?

विषारी दारूचं मोठं कांड झालं की पहिली मागणी कठोर शिक्षेची येते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. त्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. चौदा आरोपींपैकी चौघे दोषी, दहा वर्षं सक्तमजुरी. दहा जण सुटले. मालवणीला मारलं ते मिथेनॉलनं. हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे, म्हणून जरा थांबतो. गूळ किंवा मोह आंबवून गाळलं तर जे निघतं ते मुख्यतः इथेनॉल, म्हणजे दुकानातल्या बाटलीत असतं तेच. ते यकृत खातं, संसार खातं, पण एका रात्रीत वस्तीच्या वस्ती आंधळी करून मारत नाही. ते काम मिथेनॉलचं, आणि ते ओढ्याकाठी तयार होत नसतं. ते कारखान्यात तयार होतं, टँकरमधून येतं, गोदामातून चोरीला जातं, आणि गाळण्याचे कष्ट वाचवण्यासाठी कुणीतरी ते पाण्यात मिसळून विकतो. त्याला भट्टीच लागत नाही. म्हणजे ज्यानं शंभर माणसं मारली त्यानं कदाचित काहीच गाळलेलं नसतं!

गुजरातचं उदाहरण घ्या. त्यांचा कायदा मूळचा आपलाच, १९४९ चा मुंबईचा. जुलै २००९ मध्ये अहमदाबादला विषारी दारूच्या लठ्ठाकांडात १३० हून अधिक माणसं मेली. त्यानंतर गुजरातनं कायदा बदलला आणि विषारी दारूनं माणूस मेला तर बनवणाऱ्याला फाशीपर्यंतची तरतूद केली. देशातली इतकी कडक तरतूद क्वचितच दुसरीकडे असेल. जुलै २०२२ मध्ये बोटादला पुन्हा चाळीसहून अधिक माणसं मेली. मिथेनॉल अहमदाबादच्या एका कारखान्यातून बाहेर काढलेलं होतं. फाशीचा दोर तिथं तेरा वर्षांत पिंपाच्या झाकणापर्यंतही पोचला नव्हता. आणि गंमत बघा, विषांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवायला जो केंद्रीय कायदा आहे तो १९१९ चा. त्याच्या मूळ तरतुदीत पहिल्या गुन्ह्याची शिक्षा तीन महिने कैद किंवा ५०० रुपये दंड. गूळ आंबवणाऱ्या बाईला वर्षं, विष विकणाऱ्याला महिने.

आपल्या शेजारचं पांगरमल आठवतं? नगर जिल्ह्यातलं गाव, बीडच्या सीमेपासून फार लांब नाही. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची जेवणावळ, आणि त्यातल्या दारूनं माणसं गेली. तपास ओढ्याकडे वळला नाही. तो वळला जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनकडे. तिथं बनावट दारू तयार होत होती. ही दारू बाटलीत होती, लेबल लावलेली.

लोक हातभट्टीकडे का जातात याबद्दल सरकारी टिपणांत ‘जनजागृतीचा अभाव’ असा शब्दप्रयोग असतो. मला तो वाचून नेहमी आश्चर्य वाटतं. पिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. त्याला किंमतही ठाऊक असते. जून २०२५ मध्ये राज्यानं मद्यावरचं शुल्क वाढवलं. १८० मिलीच्या देशीची किमान किंमत ८० रुपये झाली, विदेशीची २०५. रोजगार हमीचा दिवसाचा दर तेव्हा ३१२ रुपये होता. म्हणजे सरकारमान्य चपटीला मजुरीचा चौथा हिस्सा. भट्टीवर त्याहून कितीतरी कमी पैशात काम होतं. तिजोरीत आणखी १४,००० कोटी यावेत हा त्या वाढीचा जाहीर हेतू होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दारू महाग व्हावीच. पण एका हातानं देशी महाग करायची आणि दुसऱ्या हातानं भट्टीवर छापे वाढवायचे, म्हणजे एका पोलीस शिपायाच्या अंगावर अर्थखात्याचं काम टाकणं आहे. तो शिपाई महिन्याला किती हप्ता घेतो ते मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, म्हणून इथं लिहीत नाही. तो घेतो हे मात्र गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

छापे कुणावर पडतात, हेही बघायला हवं. तांडा, पारधी वस्ती, गावकुसाबाहेरची घरं. इंग्रजांनी १८७१ मध्ये जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून गेला, पंचनाम्यातून गेला नाही. ‘तांड्यावर छापा’ हा बातमीचा ठरलेला मथळा आहे. ‘कॉलनीवर छापा’ मी अजून वाचलेला नाही, आणि काळ्या गुळाच्या ठोक व्यापाऱ्याचा पाठमोरा फोटोही क्वचितच पाहिला आहे. गूळ ट्रकनं येतो. ट्रकला नंबर असतो, टोलनाका असतो, बिल असतं किंवा नसतं. त्याचा माग काढायला ओढ्यात चिखल तुडवावा लागत नाही.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या, हातभट्टीसाठी बदनाम झालेल्या वस्त्या अधिकाऱ्यांना वाटून दिल्या. छापे थांबवले नाहीत, उलट वाढवले, पण सोबत शिवणकाम, बँकेचं कर्ज, छोटी दुकानं, पोरांना नोकरीचे मेळावे, असं काहीतरी हातात दिलं. सगळ्या भट्ट्या कायमच्या विझल्या असा दावा मी करणार नाही. अधिकारी बदलला की असल्या योजनांची तेलवात सरते, हे आपण शंभरदा पाहिलं आहे. पण उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या सीमेला लागून हे घडलं आणि पलीकडच्या एकाही जिल्ह्याला त्याची लागण होऊ नये?

माझं म्हणणं एवढंच आहे की कलम ६५ फोडा. परवाना नव्हता यावर शिक्षा मोजू नका, नुकसान किती झालं यावर मोजा. पिंपभर रसायन आणि चार डबडी एवढ्यावर पकडलेल्या माणसाला फौजदारी खटला, एमपीडीए, तडीपारी यांतलं काही नको. साहित्य जप्त करा, दंड करा, आणि त्याच आदेशात त्याचं नाव तहसीलच्या आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या यादीत टाका. किनवटच्या मोहाला ग्रामसभेच्या नजरेखाली, मापात, परवाना द्या. गाडीनं माल पोचवणारा, ठोक गूळ आणि नवसागर पुरवणारा, छाप्याची खबर आधीच देणारा वर्दीतला माणूस, यांच्यासाठी आजची कैदेची तरतूद ठेवा आणि ती खरोखर वापरा. आणि जो मिथेनॉल मिसळतो किंवा ते कारखान्याबाहेर जाऊ देतो, त्याच्यावर दारूबंदीचा कायदा लावूच नका. तो दारूचा गुन्हा नाही, मनुष्यवधाचा आहे. भारतीय न्याय संहितेत कलम १०५ आहे, विष देण्याचं १२३ आहे. बाररूममधल्या ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, छोट्या भट्टीवाल्यांना तुम्ही सूट देताय, त्या सवलतीचा फायदा माल पुरवणारा घेईल, बायकांच्या नावावर भट्ट्या लावील. घेईलच. आजही लावतोच. म्हणूनच तर फोटोत बाई असते.

मावशींची चौथी केस लागली आहे. छाप्यात पिंपाला कुऱ्हाडीनं भोकं पाडली होती. त्यांनी ती गावातल्या वेल्डरकडून बुजवून घेतली, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं. न्यायालय या वेळी दंडावर सोडेलच असं नाही, मागच्या तिन्ही शिक्षा पाटीवर आहेत, हे मी त्यांना दोनदा समजावलं. परवा तारखेआधी त्यांचा फोन आला. नातवाच्या मोबाईलवरून.

“वकीलसाहेब, किती घिऊन यिऊ? मागल्या येळंइतकेच, का वाढलेत?”